रांजणाचा कान

हे मी माझ्या मुलालाही सांगितलेलं नाही. नवरा होता तोवर त्यालाही खोटंच सांगत राहिले. तुम्हाला का सांगतेय, ते मलाच नीट ठाऊक नाही. घरात दुसरं कोणी नाही, एवढंच कदाचित.

उरणजवळच्या आमच्या गावात माझं घर दुमजली आहे. मुलगा पनवेलला असतो. वरच्या खोल्यांना कुलूप असतं. मी स्वयंपाकघरातच जेवते आणि तिथंच अंथरूण टाकते. एवढ्याशा जागेसाठी मी जे केलं — पण आधी दत्तू भावजींबद्दल सांगायला हवं.

ते माझे धाकटे दीर. मिठागर गेल्यापासून हाताला काम नव्हतं, पण बडबड अखंड. घर बांधायला घेतलं तेव्हा नवरा ट्रक घेऊन गुजरातेत होता. संडासाच्या टाकीचा खड्डा आम्ही दोघंच खणत होतो — ते खणायचे, मी घमेली उचलायचे. कमरेइतकं खोल गेल्यावर भिंत लागली. रुंद, चपट्या विटांची, सरळ घराच्या जागेखाली गेलेली. शेजारी रांजणांचे तुकडे. त्यातला एक कान, म्हणजे धरायची मूठ, भावजींनी धुतला आणि माझ्या हातात दिला. "वैनी, हा तुमच्याकडं ठेवा. सांभाळून."

एक तुकडा त्यांनी उरणच्या इतिहासाच्या एका मास्तरांना दाखवला. मास्तर म्हणाले, असले रांजण फार पूर्वी रोमहून जहाजानं यायचे, दारू भरून. भिंत त्या व्यापाऱ्यांच्या वखारीची असू शकेल, बघायला येतो. झालं! भावजी गावभर सांगत सुटले.

आणि मला काय वाटलं? आनंद? छे, आता घरही जाणार असं वाटलं. बंदर आलं तेव्हा आमची शेतं गेली, मिठागर गेलं. मोजायची फीत घेऊन कोणी आलं की आमच्याकडे अजूनही तोंडं सुकतात. भावजी मुलगी बघायला म्हसळ्याला गेले, तेवढ्यात मी खड्डा बुजवला. एकटीनं. गवंड्याकडून वर कोबा घालून घेतला. कोणी सांगितलं नव्हतं मला.

मास्तर आले तेव्हा अर्धा गाव जमला होता. भावजी नव्या कोब्याकडे बघतच राहिले. मास्तर म्हणाले, नुसता तुकडा काय, खाडीकाठी कुठंही मिळतो. तेव्हा भावजी म्हणाले, "आमच्या वैनीला इचारा. तिनं डोळ्यांनी बघलंय."

सगळे माझ्याकडे वळले. आणि मी — हो, मीच — पदर सारखा करत म्हणाले, "मी काय बघलं न्हाय. खडक लागला व्हता."

रांजणाचा कान तेव्हा माझ्या तांदळाच्या डब्यात, तळाशी होता. भावजींना ते माहीत होतं. डबा उघडा, एवढं म्हणाले असते तर मी तोंडघशी पडले असते. ते म्हणाले नाहीत. माझ्याकडे एकदा बघितलं आणि चपला घालून बाहेर गेले. कळतंय ना तुम्हाला? मी त्यांना खोटं पाडलं आणि त्यांनी मला वाचवलं.

गावानं त्यांचं नाव ठेवलं — रोमचा राजा. होळीला त्यांचं सोंग काढलं. माझ्या दारासमोर काढलं, मीही हसले. म्हसळ्याची सोयरीक मोडली. येड्याला मुलगी कोण देणार? मग ते दिघीला निघून गेले, आगरदांड्याच्या फेरीबोटीवर कामाला लागले. गेल्या वर्षी तिथंच, भाड्याच्या खोलीत वारले. मी गेले तेव्हा तिथली शेजारीण मला म्हणाली, माणूस चांगला होता, पण बोलायचा नाही. आमचे दत्तू भावजी — बोलायचे नाहीत!

इथं थांबले असते तर तुम्ही म्हणाला असता, बिचारी घाबरली होती. म्हणूनच थांबत नाही.

या उन्हाळ्यात शेजारच्या प्लॉटवर पाया खणताना जेसीबीला तीच भिंत लागली. संशोधन करणाऱ्या मुली आल्या, ब्रशनं विटा साफ करायला लागल्या. ज्यांनी सोंग काढलं होतं तेच आता मोबाईलवर फोटो काढत उभे. त्या मुलींतली एक माझ्या ओट्यावर पाणी प्यायला आली. वखारच आहे म्हणाली, रोमच्या मालाची, आणि भिंत तुमच्या घराखाली जाते. पण घाबरू नका, घराला कोणी हात लावणार नाही. मग तिनं विचारलं, "काकी, घर बांधताना काही सापडलं होतं का? कुणी बघितलं होतं?"

घर जाणार नव्हतं. नवरा नव्हता, भावजी नव्हते. फक्त एक नाव सांगायचं होतं. पहिल्या वेळी भीती तरी होती. या वेळी काय होतं?

"न्हाय," मी म्हणाले. "कोणीच न्हाय."

तिनं मान हलवली, तांब्या परत दिला. मी आत आले आणि रात्रीपुरते तांदूळ काढले. कान अजून त्याच डब्यात आहे. डबा रिकामा होत आला की हाताला लागतो.