हनुवटीपर्यंत

सिंदी मेघेतल्या त्या पार्लरवाल्या बाईंचं नाव मी विचारलं नाही. कंगवा दातांत धरून त्या माझे केस टाळूपाशी बोटांनी उचलत, सोडत आणि ते पुन्हा चपटे बसताना बघत होत्या. शेवटी कंगवा हातात घेऊन म्हणाल्या, "लांब ठेवशीन तं वजनानं असेच बसतीन, पोरी. हनुवटीपर्यंत काप, मंग फुगतीन."

मलाही तेच हवं होतं. मोबाइलमध्ये तसा फोटोही होता, पण दाखवायचं धाडस होईना.

"आईनं फक्त टोकं कापायला सांगितलंय," मी पुटपुटले. "रविवारी मला पाहायला येणार आहेत. त्यांना लांब केस आवडतात."

त्या हसल्या. "ते घंटाभर पाहून जातीन वो. आरशात रोज कोन पाहीन?"

पण माझ्या उत्तराशिवाय त्या कात्रीला हात लावेनात. माझ्या केसांचं आजवर आई आणि मावशीच परस्पर ठरवायच्या. मी बोट हनुवटीला लावलं.

"पक्कं?"

मी मान हलवली. पहिली बट मांडीवर पडली आणि आईचा फोन वाजायला लागला. बाईंची कात्री थांबली.

"कापा तुम्ही," मी म्हणाले.