प्रस्तावनेची चार पानं

उल्हासनगरच्या कॅम्प चारमधले प्रेसवाले सिंधी काका मुख्यतः लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापतात. माझ्या कथांच्या दोनशे प्रती छापायला ते लगेच तयार झाले, कारण त्यांच्या मते पुस्तक म्हणजे जाड बिलबुकच. प्रूफं बघायला गेले तेव्हा त्यांनी पानं मोजली आणि चष्मा कपाळावर चढवला.

“मॅडम, मशीनवर सोळा-सोळा पेजचा फॉर्म लागतो. सहा फॉर्म म्हणजे शहाण्णव. तुमचे ब्याण्णव. चार पेज कोरे. प्रस्तावना किधर है?”

“नाहीये.”

“नाही म्हणजे आनेवाली है, की नाहीच?”

“नाहीच.”

“हर मराठी बुक में आगे एक बडा आदमी रहता है,” ते म्हणाले. “नहीं तो मेरे जमाई की ज्वेलरी की ॲड डाल दूँ?”

बडा आदमी माझ्याकडेही होता. अंबरनाथला शिवमंदिराजवळ राहणारे एक निवृत्त प्राध्यापक. त्यांच्या घरी महिन्यातून एकदा लिहिणारी माणसं जमत. प्रस्तावना लिहितो म्हणून त्यांनी माझ्या कथांची फाईल वर्षभर ठेवून घेतली आणि मग सगळ्यांसमोर परत केली. “बाळ, तू विचार इंग्रजीत करतेस. तुझी पात्रं धड मराठी बोलत नाहीत, धड हिंदी नाही.” सगळे हसले. मीही हसले. माझं ते हसणं मला अजून पटलेलं नाही. त्यानंतर सहा वर्षं मी एक ओळ लिहिली नाही.

यंदा बदलापूरचं घर रंगवायला काढलं, तेव्हा फाईल माळ्यावरून खाली आली. वाचली. पात्रं आमच्या जिन्यात माणसं बोलतात तशीच बोलत होती. एकही शब्द न बदलता स्वतःच छापायचं ठरवलं आणि स्वतःला फार शूर समजले. पण त्या दहाही कथा जुन्या होत्या. नवं काही लिहिता येतं का, हे मी तपासलंच नव्हतं. पुस्तक निघालं की तपासावं लागणारही नव्हतं.

“मी लिहून देते,” मी काउंटरवर म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला.

“मंगळवारपर्यंत. फिर प्लेट बनेगी.”

शनिवारी बसले. पहिलं वाक्य आलं ते असं : ‘माझं शिक्षण इंग्रजी माध्यमात झाल्यामुळे वाचकांनी भाषेतील त्रुटी...’ आई इस्त्री करता करता मागून वाचत होती.

“हे काय, शाळेत उशिरा आल्याची चिठ्ठी आहे का?”

“प्रस्तावना आहे.”

“मग माफी कुणाची मागतेस? त्या सरांची?”

मी कागद फाडला. प्रस्तावना लिहायचीच नाही, गोष्ट लिहायची, हे तेव्हा ठरलं. गोष्ट पुराची. आमच्या भागात, बदलापूरच्या मांजर्लीत, नदीचं पाणी भरलं होतं तेव्हा तळमजल्यावरच्या काकू मिक्सर आणि तांदळाची गोणी घेऊन वर आमच्याकडे आल्या, समोरच्या भाभीही आल्या आणि चार दिवस एका शेगडीवर तीन घरांचा स्वयंपाक झाला. रविवारी दुपारपर्यंत दोन ओळी झाल्या, त्याही खोडल्या. हात खरंच विसरला असेल, असं वाटलं. तरी उठले नाही. मग काकूंचं एक वाक्य आठवलं, “ओ भाभी, तुमचा कुकर हटाव ना, मेरी पोळी जलेगी!” आणि ते होतं तसंच उतरवलं. त्यामागे भाभी बोलल्या, मग आई. उरलेलं सोमवारी, मी नोकरी करते त्या कंपनीच्या लॅबमध्ये, जेवणाच्या सुट्टीत संपवलं.

मंगळवारी काकांनी ते टाईप करून पानांत बसवलं. “साडेचार पेज हुआ.”

“अक्षर लहान करा.”

“बाकी बुकसे अलग दिखेगा. काटो.”

लग्नपत्रिकांचे गठ्ठे सरकवून मी तिथेच स्टुलावर बसले. काय जायला हवं ते लगेच दिसलं. पाणी ओसरल्यानंतरच्या दोन परिच्छेदांत मी सरांना उत्तर देत होते. पुरात ते कुठेच नव्हते. दोन्हींवर काट मारली. काकांनी पुन्हा पानं बसवून पाहिली.

“बराबर. और ऊपर हेडिंग? ‘प्रस्तावना’ लिहू, की गोष्टीचं नाम टाकू?”

“गोष्टच आहे. बाकीच्यांसारखीच, अकरावी.”

खोडलेल्या ओळींचा कागद ते टोपलीत टाकणार होते. मी तो मागून घेतला. त्यातलं एक वाक्य वाईट नव्हतं, पुढच्या एखाद्या गोष्टीत चालेल.