रिकामं चाललेलं इंजिन

निरोप घेऊन आलेल्या माणसाला कसं सांगावं ते सुचत नव्हतं. माझ्या परभणीच्या घराच्या दारात तो चप्पल न काढताच उभा राहिला आणि म्हणाला, "सुमनताई, गिरणी बंद हाय." दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, बरं मग, डिझेल संपलं असेल, पट्टा तुटला असेल. मी मात्र भिंतीला धरून खाली बसले. पिंगळीच्या पुढं आमचं गाव आहे. तिथं माझ्या थोरल्या भावाच्या पिठाच्या गिरणीचं इंजिन, दळण असो वा नसो, दिवसभर चालायचं. ते बंद आहे म्हणजे दादा नाही. आज त्याला महिना होऊन गेला, तरी ते वाक्य माझ्या दारातून हललेलं नाही.

दादा फौजेत होता. लांब पल्ल्याच्या मोठ्या रायफली चालवायच्या आणि नव्या पोरांना चालवायला शिकवायच्या, हे त्याचं काम. वर्षानुवर्षं तो त्या धडाक्याशेजारी गाल टेकवून पडून राहिला आणि घरी आला तो कान गमावून. नुसता बहिरा झाला असता तरी निभावलं असतं. त्याच्या दोन्ही कानांत एक शिट्टी बसली होती, ती क्षणभरही थांबत नव्हती. "सुमे, कानात रातकिडा शिरलाय," तो म्हणायचा, "मरत बी न्हाई, बाहेर बी येत न्हाई." मी त्याला घेऊन परभणीत डॉक्टरांची दारं झिजवली. सगळ्यांनी कानात बॅटरी मारली, मान हलवली आणि सवय होईल म्हणून सांगितलं. सवय! ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

मी शाळेत मराठी शिकवते, बंदुकीतलं मला काय कळणार? पण एकदा माझा संताप झाला आणि त्याच्या कानाशी ओरडून मी विचारलं, एवढी मोठी फौज, आवाज मारायचं काहीच नव्हतं का तुमच्याकडं? तेव्हा त्यानं गिरणीच्या ओट्यावर बसून, हातात एक पाइपचा तुकडा घेऊन मला सायलेन्सर समजावला. "गोळीच्या मागं जळल्या दारूचा गॅस कोंडलेला असतोय. नळीच्या तोंडाशी तो एकदम सुटतो, तोच धडाका. सायलेन्सर म्हणजे त्या तोंडावर बसवलेला डबा. आत आडव्या भिंती, बारक्या बारक्या खोल्या. गॅस या खोलीतून त्या खोलीत जातो, पसरतो, थंड व्हतो. बाहेर येईस्तोवर त्याचा जोर मेलेला असतोय. रायफल मोठी तर गॅस जास्त, म्हणून डबा बी दुधी भोपळ्याएवढा."

"म्हणजे आवाज होतच नाही?"

"व्हतो की! सिनेमात दाखवतेत तसं फुस्स न्हाई ते. गोळी आवाजाच्या पुढं पळती, जाता जाता हवा फाडती. तो कडाका कुणाच्या बापाला थांबत न्हाई. फक्त मारणारा कुठं बसलाय ते समोरच्याला उमगत न्हाई... आन् मारणाऱ्याचे कान वाचतेत." मग पाइप खाली ठेवून तो म्हणाला, "एकदा बाहेरदेशाच्या रायफलीला लावलेला बघितला मी. आमच्याकडं कानात घालाया कापूस व्हता."

त्या कापसाचा मला आजही राग येतो.

गिरणी त्यानं फौजेतून आल्या आल्या टाकली होती. जागा आमची वस्ती आणि गाव यांच्या मधली. गावातल्या बायका दळणाचा डबा जमिनीवर ठेवून चार हात दूर उभ्या राहायच्या, शेवंतावहिनी तो उचलायच्या, आणि पीठ मात्र गावभर विनातक्रार शिजायचं. गिरणी सुरू आहे हे शिवारात कळावं म्हणून इंजिनाच्या धुराड्यावर पत्र्याचा डबा बसवलेला असे, त्यातून कुकूक कुकूक असा आवाज दूरवर जाई. दादाला वाटलं, आपल्या डोक्यात हा कहर त्या आवाजानंच वाढत असेल. परभणीच्या एका वेल्डरकडं बसून त्यानं खोल्याखोल्यांचा, भोपळ्याएवढा सायलेन्सर करून आणला आणि तो डबा काढून तिथं बसवला. मी तेव्हा सुट्टीला गावी गेले होते. इंजिन सुरू झालं आणि खरंच नुसतं घुमत राहिलं. वहिनींना पहिल्यांदा चिमण्या ऐकू आल्या. मी टाळ्या वाजवल्या. दादा डोळे मिटून बसला होता... आणि बघता बघता त्याचा चेहरा उतरत गेला. इंजिन इतके दिवस त्या शिट्टीला झाकून ठेवत होतं. आता मधे काहीच उरलं नव्हतं. त्यानं इंजिन बंद केलं, पाना घेतला, सायलेन्सर काढून खुंटीला अडकवला. "बाहेरचा आवाज मारला सुमे, आतला मोठा झाला," एवढंच म्हणाला. त्या दिवशी आमची आशा संपली.

पुढच्याच वर्षी विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला. आजूबाजूच्या वस्त्या जळाल्याच्या बातम्या येत होत्या. आमच्याकडं काडी पडली नाही, बहिष्कार पडला. गावातली एक बाई गिरणीकडं फिरकेना. दळण नाही म्हणून इंजिन बंद, आणि इंजिन बंद म्हणून दादाच्या डोक्यात ती शिट्टी. तो भिंतीवर कपाळ आपटायचा. मला म्हणायचा, "ओरड सुमे, कायबी बोल, पण ओरड." मी पाढे ओरडले, कविता ओरडल्या, घसा बसला. एकदा भर दुपारी वहिनींनी त्याला विहिरीच्या काठावरून ओढून आणलं. मग त्यांनीच तो उपाय काढला. जात्याचा पट्टा उतरवला आणि इंजिन रिकामं सुरू केलं. दादा त्याच्या शेजारी बाज टाकून आडवा झाला आणि कित्येक दिवसांनी झोपला.

गावाला वाटलं, हे आपल्याला खिजवायला. पाटील चार माणसं घेऊन आले. "दळण न्हाई तर इंजिन कशाला? मस्ती आली का?" दादा झोपलेलाच. वहिनी मधे उभ्या राहिल्या. "मस्ती न्हाई, पाटील. त्यांचं डोकं फुटायलंय. हे बंद केलं तर ते विहिरीकडं पळतेत. बंद करायचं आसंल तर तुमच्या हातानं करा." कोणी हात पुढं केला नाही. ती माणसं तशीच माघारी गेली. पुढं घरच्या जात्यानं खांदे भरून आले तशा बायका एकेक करून परत आल्या, डबा ठेवून दूर उभ्या राहू लागल्या. मला त्याचं कौतुक नाही. पण इंजिन चालू राहिलं, दादा चालू राहिला. सोळा वर्षांनी, या वर्षी, विद्यापीठाला नाव लागलं, वस्ती गुलालानं लाल झाली. मी दादाच्या कानाशी तोंड नेऊन बातमी ओरडले. तो रडला, आणि म्हणाला, "पुन्यांदा सांग, नीट ऐकू आलं न्हाई."

इंजिन थांबलं की तो कितीही गाढ झोपेतून दचकून उठायचा. त्या दुपारी डिझेल संपून इंजिन थांबलं. वहिनी हातातलं सूप टाकून धावल्या, आता हे उठतील म्हणून. तो उठला नाही.

दादासाठी वंदना झाली, पुण्यानुमोदन झालं, आणि दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले. वहिनींनी खुंटीवरचा सायलेन्सर काढला, पदरानं पुसला आणि मांडीवर घेऊन बसल्या. "ताई, एवढी वर्षं त्या आवाजात संसार केला," त्या म्हणाल्या. "मनातलं दोन शब्द सावकाश बोलले न्हाई मी त्यांच्याशी. आता बसवू का हा? त्यांना चालंल ना?" मी मान डोलावली.

त्यांनी स्वतः पाना चालवून तो बसवला. इंजिन हळू घुमायला लागलं. झाडावर चिमण्या होत्या, पलीकडं कोणी धुणं आपटत होतं. वहिनी दादाच्या बाजेच्या कडेला टेकून ऐकत राहिल्या. बाजेवरची वाकळ अजून तशीच होती...

"लय ऐकू यायलंय, ताई," त्या म्हणाल्या. उठल्या, इंजिन बंद केलं आणि पुन्हा पाना हातात घेतला.