आत घेताना वाजतं की सोडताना?

सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी हे सगळं सुरू झालं. वेळ पक्की आठवते, कारण ह्यांची नागापूरला पहिली शिफ्ट होती आणि मी डबा भरत होते. तेव्हापासून केडगावच्या आमच्या घरात आणि दवाखान्याच्या बाकावर इतके किस्से साठलेत, की बहीण फोन केल्या केल्या विचारते, "आज काय नवीन?"

त्या सकाळी घरात बारीक शिट्टी वाजायला लागली. हे कंपनीत कॉम्प्रेसरवर असतात. म्हणाले, कुठंतरी हवा लीक आहे. गॅसचा रेग्युलेटर काढला, गाडीची दोन्ही चाकं तपासली. शिट्टी चालूच. शेवटी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, झोळीपाशी वाकून म्हणाल्या, "आरं, पोरगी वाजतीय!"

आरू तेव्हा दोन महिन्यांची. डबा तसाच टाकून मी तिला उचललं.

*

दवाखान्यात सांगितलं, छाती वाजते, वाफ द्या. फाईलवर नंबर पडला, आर शून्य सहा पॉइंट दोन. प्रत्येक दुखण्याला असा कोड असतो, हे मला तेव्हा कळलं. मी सातवी शिकलेली. म्हटलं, अडाणी दिसायला नको, म्हणून पाठच केला. पुढच्या खेपेला काउंटरवर आरूच्या नावाआधी कोड सांगितला! नर्सताईंनी कौतुक केलं आणि थेट वाफेचा मास्क लावला. असं चारदा झालं. शिट्टी काही थांबेना, दूध पिताना तर जास्तच. मला वाटायचं, पोरीला दमा धरला. तिच्या नाकाशी बोट धरून बसायचे.

*

त्यात डॉक्टरांसमोर गेलं की आरू एकदम गप्प. खुळखुळा वाजवला, गुदगुल्या केल्या, काही नाही. आत्याबाई डॉक्टरांना म्हणाल्या, "सायेब, ही लाजतीय. तुमीच घरी या, च्या घ्या, मंग ऐका."

डॉक्टर हसले. फाईलवरचा कोड बघितला आणि परत वाफ लिहिली.

*

तिथं फायलींच्या खोलीत एक मॅडम बसतात. कोड कॉम्प्युटरवर त्याच टाकतात. धीर करून त्यांना म्हटलं, वाफेनं गुण येत नाही, हा नंबर खोडता येईल का? त्या म्हणाल्या, डॉक्टर लिहितात तेच टाकते, मनानं बदलता येत नाही. मग मान वर करून म्हणाल्या, "ताई, आवाज श्वास आत घेताना येतो, की सोडताना? सोडताना असेल तर पॉइंट दोन. आत घेताना असेल तर पॉइंट एक. तो घशाकडचा."

इतके दिवस बोट धरून बसलेली मी, मला सांगता येईना.

*

रविवारी घरात भांडण. हे म्हणाले सोडताना, हवेतलं मला कळतं. आत्याबाई म्हणाल्या आत घेताना. मी दोघांनाही हो म्हटलं. आत्याबाईंनी आरूचं झबलं वर केलं. पोट फुगलं, म्हणजे श्वास आत गेला, की शिट्टी, गळ्याखाली बारीक खळगा. पोट खाली गेलं की शांत. ह्यांनी मोबाईलवर शूट केलं, त्यात मागून आत्याबाईंचा आवाज आहे, "दिसलं का इंजिनियर?"

डॉक्टरांनी तो व्हिडिओ तीनदा बघितला आणि घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी नाकातून कॅमेरा घातला आणि सांगितलं, श्वासनळीच्या वरचा भाग मऊ आहे, बहुतेक बाळांचा दीड-दोन वर्षांत आपोआप घट्ट होतो. दुधावर आणि वजनावर लक्ष ठेवा, ओठ निळे दिसले तर तसंच उचलून आणा. वाफ बंद झाली. मॅडमनी नवा कोड टाकला. तो मी पाठ केला नाही.

*

आता आरू पाच महिन्यांची आहे. वाजते, पण वजन छान धरलंय. मागच्या आठवड्यात लसीला गेलो, तर रांगेत पुढं एक पोरगेलीशी आई, मांडीवरचं बाळ घरघरतंय, आणि तिचे डोळे भरलेले. आत्याबाईंनी काही न विचारता त्या बाळाचं झबलं वर केलं. ती बाई दचकली. आत्याबाई चष्मा पुसून बराच वेळ पोटाकडे बघत राहिल्या. मग रांगेला म्हणाल्या, "सरका, हिला आदी जाऊ द्या. ह्याचं सोडताना वाजतंय."

आतून वाफेच्या मशीनचा आवाज आला. थोड्या वेळानं ती आई बाहेर आली, बाळ खांद्यावर शांत. ती आत्याबाईंच्या पाया पडायला वाकली. आत्याबाईंनी तिला धरून उभं केलं.

"पाया नगं पडू. तुज्या गावाकडं बाळंतिनी असतील ना? त्यांना सांग, आदी झबलं वर करून बघा, मंग दवाखान्यात बोला."