एकोडीच्या पुढे तिघं

आमच्या भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी सायकलच्या शर्यतीत आम्हाला हरवायचं असायचं ते गोंदियाच्याच संघाला. नागपूरचे संघ येत, महागड्या सायकली आणत आणि पुढे निघून जात. त्यांचं कोणाला काही वाटत नसे. गोंदियाकडून हरलं की मात्र साकोलीच्या चौकात आठवडाभर ऐकावं लागे.

आमचा संघ चौघांचा होता. मी साकोलीच्या जनावरांच्या दवाखान्यात व्रणोपचारक होतो. डॉक्टर सांगतील तशी बैलाच्या खांद्याची, म्हशीच्या खुराची मलमपट्टी करायची, हे माझं काम. दुसरी जिल्हा परिषदेच्या शाळेतली एक मास्तरीणबाई. चढ आला की ती पुढे आणि आम्ही मागे. तिसरा लाखनीचा राइस मिलवाला. साखर वाढली म्हणून डॉक्टरने त्याला चालायला सांगितलं होतं, त्याने सायकल घेतली. चौथा आंबागडचा, मँगनीजच्या खाणीत फिटर. तिशी ओलांडलेला, लग्न न झालेला, बोलायला कमी. आमच्यात सगळ्यात वेगवान तोच होता.

शर्यत जानेवारीत व्हायची. भंडाऱ्याहून निघायचं, तुमसर करून आंबागडच्या पायथ्यापर्यंत जायचं, मग आतल्या रस्त्याने एकोडी, साकोली, लाखांदूर, पवनी आणि परत भंडारा. दोनशे किलोमीटरच्या वर. चौघांपैकी तिघांनी तरी पोहोचायला हवं, आणि तिसऱ्याचं चाक रेषेवरून गेलं की संघाची वेळ धरत. लोक आपापल्या संघाच्या नावाने मदत कबूल करत, पण ती मिळायची संघ पूर्ण झाला तरच. त्या वर्षीची मदत सिकलसेलच्या मुलांसाठी होती. हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. पेशी विळ्यासारख्या वाकतात, अंग असं दुखतं की माणूस जमिनीवर लोळतो. खेड्यातल्या मुलांना रक्त चढवायला जिल्ह्याच्या ठिकाणी यावं लागतं, बस चुकली तर तो दिवस गेला. त्या मुलांना आणायला-न्यायला एक गाडी घ्यायची होती.

सराव आम्ही दिवाळीपासून धरला. आंबागडच्याला थंडीत पहाटे बोलावलं तर येत नसे. "ऊन निघू द्या, मंग येतो," म्हणे. आम्हाला तो आळस वाटे. पाणी मात्र तो भयंकर पीत असे. सायकलला दोन बाटल्या, पाठीच्या खिशात तिसरी. मिलवाला म्हणायचा, "याच्या सायकलीवर बावनथडीचं धरण बांधलं हाय." तोही हसायचा.

आम्ही दोघं एकाच समाजातले, छप्पनपासूनचे बौद्ध. माझ्या बायकोच्या मनात तिच्या धाकट्या बहिणीसाठी त्याचं नाव होतं. एका रविवारी त्याला जेवायला बोलावलं. बायकोने आडून आडून विषय काढला. तो ताटात बघत म्हणाला, "सध्या नाही जी, वहिनी." बायकोला तो लाजला असं वाटलं. मलाही तसंच वाटलं.

शर्यतीच्या दिवशी उजाडताना वैनगंगेच्या पुलावर एवढं धुकं होतं की पुढच्या सायकलचं चाक दिसत नव्हतं. आंबागडच्याने दोन स्वेटर घातले होते आणि तरी तो कुडकुडत होता. मी विचारलं, "बरं आहे ना?"

"थंडी हाय, बस."

तुमसरपर्यंत आम्ही छान गेलो. एकामागे एक रांग, पुढचा वारा तोडायचा, थकला की मागे यायचा. आंबागडला वळलो तेव्हा गोंदियाचा संघ आमच्या थोडाच पुढे होता. त्यांच्या पिवळ्या बनियनी झाडांतून दिसत होत्या. आतल्या रस्त्याला लागल्यावर आंबागडच्याची पुढे यायची पाळी आली, तो आला नाही. मी वळून पाहिलं तर तो रांगेपासून शंभरेक पावलं मागे होता आणि एकाच पायाने पायडल मारत होता.

एकोडीच्या अलीकडे तो सायकलीवरून उतरला. पडला नाही, उतरला, सायकल नीट आडवी ठेवली आणि रस्त्याच्या कडेला बसून मांड्या धरून कण्हायला लागला. लागूनच एका शेतकरी जोडप्याचं खळं होतं. धानाच्या पेंढ्या रचलेलं शेवटचं पुंजणं मोडून मळणी चालली होती. ती बाई हातातलं टाकून धावत आली. तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं, पापणी खाली ओढली. पांढऱ्या जागी पिवळं दिसत होतं.

"माह्या भाच्याले असंच होते," ती म्हणाली. "हा सिकलसेलवाला हाय ना? याले सायकल काहून चालवू देता तुमी?"

बाई घरातून गोधडी आणि गरम पाण्याचा तांब्या घेऊन आली. मास्तरीणबाईने त्याच्या पाठीला हात लावला. "खरं का रे?"

त्याने मान हलवली. "लहानपणापासून हाय, ताई. थंडी लागली का, पाणी कमी पडलं का, जोर करते."

आमच्या मागून मदतीला येणारी गाडी मिलवाल्याची होती, ती जेवणाचं बघायला साकोलीला पुढे गेली होती. त्याने फोन लावला. ड्रायव्हर म्हणाला, वीस मिनिटांत पोहोचतो. मास्तरीणबाई म्हणाली, "मी थांबते याच्याजवळ."

हे बोलल्यावर तिच्याही लक्षात आलं. ती थांबली तर आम्ही दोघंच उरत होतो.

आंबागडचा गोधडीतून म्हणाला, "कोणी थांबू नोका. गाडी येऊन राहिली ना? ही माय हाय माह्याजवळ. निघा तुमी."

मिलवाला म्हणाला, "अरे, शर्यत गेली चुलीत."

"शर्यत नोका पाहू. ते गाडीचं पाहा. ते माह्यासारख्यासाठीच हाय ना? मंग माह्याच पायी काहून बुडवता?"

शेवटचा शब्द माझा होता, मी संघाचा कप्तान. मी त्या बाईला विचारलं, गाडी येईपर्यंत बसाल का. ती म्हणाली, "बसतो ना. कुठं जातो मी?" मी घड्याळात पाहिलं आणि म्हणालो, "चला."

मास्तरीणबाईने माझ्याकडे पाहिलं ते अजून आठवतं. पण तिने सायकल उचलली.

तिथून सव्वाशे किलोमीटर होते. साकोलीच्या अलीकडे आमची गाडी समोरून भरधाव गेली, ड्रायव्हरने हात केला. लाखांदूरला फोन आला की त्याला भंडाऱ्याच्या दवाखान्यात सलाइन लावली आहे. तिथेच चहावाल्याने सांगितलं, गोंदियावाले आत्ता, पाच मिनिटांपूर्वी गेले. आता जे सांगतो ते मी पुष्कळ दिवस कोणाला सांगितलं नव्हतं. लाखांदूर ते पवनी मी आंबागडच्याचा विचार एकदाही केला नाही. त्या मुलांच्या गाडीचाही नाही. डोक्यात फक्त पिवळ्या बनियनी होत्या. पवनीच्या वेशीजवळ त्या दिसल्या तेव्हा मला आनंद झाला, आणि तो साधासुधा आनंद नव्हता.

तरी आम्ही हरलो. भंडाऱ्याला पोहोचलो तेव्हा गोंदियाचे लोक खुर्च्यांवर बसून चहा पीत होते. त्यांनी उठून आमचे हात हातात घेतले. संघ पूर्ण झाला होता, म्हणून कबूल झालेली मदत मिळाली, आणि पावसाळ्याआधी गाडी आली. ती अजून चालते.

मिलवाला आणि मास्तरीणबाई त्याच दिवशी दवाखान्यात गेले. मी तिसऱ्या दिवशी गेलो. थकवा हे कारण सांगितलं, ते खरं नव्हतं. मला त्याचा राग आला होता. माझ्या घरी जेवून, माझ्या बायकोला 'सध्या नाही' म्हणून त्याने आम्हाला अंधारात ठेवलं, असं मी स्वतःला सांगत होतो. रागाच्या आड लपायला सोपं जातं.

तो उशीला टेकून बसला होता. मी विचारलं, "सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तं टीममध्ये घेतलं असतं मले?"

मी खरं ते बोललो. "नाही."

"मंग?"

तोच पुढे म्हणाला, "वहिनीले मी हो म्हटलं नाही, हे लक्षात असू द्या. बाकीच्यासाठी काय बोलायचं ते बोला."

त्याने बाजूचं संत्रं सोलून अर्धं मला दिलं, आम्ही ते खाल्लं आणि मी बसने परत आलो.

घरी बायकोला सगळं सांगितलं. दोन दिवसांनी तिने बहिणीची तपासणी करून घेतली. बहीण स्वतः आजारी नव्हती, पण वाहक निघाली, म्हणजे आजार तिच्याकडून मुलांत उतरू शकत होता. असं लग्न झालं असतं तर मुलांचं काय झालं असतं, ते डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजावलं. बायकोने तो कागद घडी करून पोलक्यात ठेवला. पुढे बहिणीचं लग्न ठरवताना बाकी चौकशीआधी मुलाचा रक्ताचा रिपोर्ट मागितला. काही घरं तेवढ्यावरून उठून गेली.

आंबागडच्याने शर्यत सोडली. खाणीतलं काम त्याने बदलून घेतलं, आता स्टोअरमध्ये बसतो. दोन वर्षांनी त्याचं लग्न झालं. मुलगी पवनीची, नर्स. पाहायला गेला तेव्हा चहाआधी तिनेच आपला रिपोर्ट पुढे ठेवला म्हणतात. मी लग्नाला गेलो होतो. त्याने जेवताना मला दोनदा वाढलं. एकोडीचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही.

मास्तरीणबाईची बदली झाली. मिलवाला अजून येतो, हळू चालवतो. संघात आता नवीन लोक आहेत. नाव नोंदवायच्या अर्जात 'आजार असल्यास लिहावा' अशी एक ओळ मी घालून घेतली आहे. बहुतेक जण ती कोरी सोडतात. अर्ज गोळा करताना मी त्या ओळीवरून नजर फिरवतो, कधी एखाद्याच्या तोंडाकडेही पाहतो, आणि अर्ज गठ्ठ्यात ठेवतो.