तळघरात शिकलेला इंग्रजांचा इतिहास

इंजिनिअरिंगवाल्यांकडे पार्टीत सांगायला जॉब असतो, गाडी असते, ग्रीन कार्डाची रांग असते. आम्हा इतिहासवाल्यांकडे नुसते किस्से. त्यातून मी साताऱ्याची, आणि स्टेट कॉलेज नावाच्या गावात, म्हणजे अमेरिकेत बसून, ब्रिटिश इतिहासात पीएचडी करणारी. मला किस्से शोधायला जावंच लागायचं नाही, घरपोच यायचे.

२००३ च्या गणपतीत पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, एका काकूंनी माझी चौकशी केली. विषय सांगितला तर त्यांचा आमटीचा डाव हवेतच राहिला. "इंग्रजांचा इतिहास? मग इथे कशी गं? इंग्लंडचा व्हिसा नाही का मिळाला?"

"काकू, ॲडमिशन इथे मिळाली."

"असू दे, असू दे," म्हणत त्यांनी मला एक मोदक जास्त वाढला. माझी रूममेट प्राजक्ता, नागपूरची, मेकॅनिकलवाली, पुढे दोन दिवस हसत होती.

* * *

हसू आटलं ते ओरल एक्झामला. ही तोंडी परीक्षा पास झाल्याशिवाय थीसिस सुरू करता येत नाही. दोनदाच देता येते, दुसऱ्यांदा दांडी उडाली की बॅग भरायची. समोर आमच्या प्रोफेसरबाई, उत्तर इंग्लंडातल्या एका खाणगावच्या. आवाज मऊ, पण बाई कडक. त्यांनी औद्योगिक क्रांतीबद्दल विचारलं आणि मी दहावीच्या बोर्डाला बसल्यासारखी सुरू झाले. पहिलं कारण, दुसरं कारण, थेट आठवं कारण, मग परिणाम. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "यातलं तुम्हाला कुठलं पटतं?"

मी म्हटलं, "सगळीच. आठही परीक्षेला येतात."

नापास. सहा महिन्यांनी पुन्हा. घरी सांगितलंच नाही. इतिहास घेण्यावरून बाबांशी कडाक्याचं भांडून मी आले होते. कुठल्या तोंडानं परत जाणार होते? त्या महिन्यांत मी खरंच घाबरलेली होते.

* * *

आम्हा टीए लोकांची, म्हणजे पीएचडी करता करता कॉलेजच्या मुलांना शिकवणाऱ्यांची, खोली तळघरात होती, खिडकीतून फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट दिसायचे. एकदा माझ्या वर्गातला एक विद्यार्थी खाली उतरून आला आणि खुर्चीच्या टोकावर बसला. म्हणाला, "आम्ही भारतात जे केलं त्याबद्दल आय ॲम सॉरी."

"अरे, पण तू पेनसिल्व्हेनियाचा ना?"

"माझी पणजी इंग्लिश होती."

मी त्याची माफी रीतसर स्वीकारली. मग त्यानं बॅगेतून आपला पेपर काढला आणि विचारलं, "या बी मायनसचं काही करता येईल का?"

* * *

एकदा सेमिनारला बाईंनी जुन्या पत्रांच्या झेरॉक्स वाटल्या. तेव्हा इंग्लंडात टपाल महाग, म्हणून लोक कागद भरला की तो आडवा फिरवून त्याच ओळींवरून पुन्हा लिहायचे. पान म्हणजे नुसती जाळी. सगळे डोळे चोळत बसले. मी मात्र भराभरा वाचत सुटले.

माझ्या शेजारी टॉम बसायचा, तिथल्याच एका शेतकऱ्याच्या घरातला, मनानं फार सरळ. त्यानं विचारलं, "तुला हे कुणी शिकवलं?"

"मावशीनं. ती इनलँडवर लिहायची. पान भरलं की समासात उभं, मग घडीवर, आणि कोण आजारी आहे ते अगदी शेवटी, डिंकाच्या पट्टीवर. पत्र फोडलं की पेशंट फाटायचा."

बाई हसल्या, आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं. मला आपली उगाच धाकधूक.

* * *

परीक्षेची तयारी प्राजक्तानं करून घेतली. ती ओट्याशी पोहे परतणार, मी उत्तर देणार. मी "पहिलं कारण" म्हटलं रे म्हटलं की ती कालथा कढईवर आपटायची. "कारणं नकोत. माणसं सांग. त्यांना असं करावंसं का वाटलं?"

मेकॅनिकलवालीनं मला हे सांगावं, याचा असा राग आला! पण मुद्दा तिचाच बरोबर होता.

* * *

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सेमिनारला आम्ही एका इंग्रज गृहिणीची डायरी वाचत होतो. घरात नवी मोलकरीण आली, एलन नावाची. बाईसाहेब लिहितात, आधीच्या मुलीचं नाव मेरी होतं, सगळ्यांच्या तोंडी तेच बसलंय, तेव्हा हीसुद्धा मेरीच. टॉम भडकला. "नाव बदललं आणि ती मुलगी गप्प बसली?"

"त्यात काय एवढं," मी म्हणून गेले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग सांगावंच लागलं. माझी आई माहेरची कुसुम. लग्नात ताटात तांदूळ पसरून बाबांनी अंगठीनं त्यात लिहिलं 'सुनंदा', आणि तेव्हापासून ती सुनंदा. टॉमनं बराच वेळ विचार करून विचारलं, "तांदळात?"

* * *

दुसऱ्या परीक्षेत बाईंनी औद्योगिक क्रांतीचं नावही काढलं नाही. म्हणाल्या, "ती एलन. दिवसभर मेरी म्हणून हाकेला ओ देणारी. ती मनातल्या मनात स्वतःला काय म्हणत असेल?"

माझ्याकडे एकही कारण नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी परीक्षेत म्हणाले, "मला माहीत नाही."

"आणि तुमची आई?"

"तेही माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही." हे म्हणताना मला स्वतःचीच लाज वाटली.

त्यांनी मला बाहेर बसवलं. दहा-पंधरा मिनिटं मी समोरच्या भिंतीकडे बघत मनात बॅग भरत होते. मग बाई स्वतः दारात आल्या. "पास. माहीत नाही म्हणालात ना, तोच तुमचा थीसिस."

संध्याकाळी फोन लावला. साताऱ्यात नुकतं उजाडलं होतं, पलीकडे बाबांचा रेडिओ ऐकू येत होता. पास झाले म्हटल्यावर आई रडली. मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, तू मनात स्वतःला काय म्हणतेस गं? कुसुम की सुनंदा?"

तिनं रडणं आवरलं, नाक पुसलं.

मग हळू आवाजात म्हणाली, "थांब जरा. हे फिरायला बाहेर पडू देत, मग सांगते."