मामाजींची गाडी आणि माझं खोटं

माझे सासरे प्रेमानंद, म्हणजे आमचे मामाजी, यांनी एकतीस वर्षं नागपुरात शहर बस चालवली, त्यामुळे जगातल्या बाकी सगळ्या ड्रायव्हरांना ते शिकाऊ समजतात. वय शहात्तर. दर रविवारी ते नंदनवनहून सासूबाईंना गाडीत घालून कन्हानला सासूबाईंच्या बहिणीकडे नेतात. आठवड्यातलं हे एक काम अजून आपल्यावाचून अडतं, ह्यातच त्यांचा जीव आहे.

यंदा ते वाटेत लकडगंजात मध्येच गाडी कडेला उभी करू लागले. ना सिग्नल, ना कोणी हात दाखवलेला. मला वाटलं, विसरायला लागले; पण तोंडावर बोलायची हिंमत कुठली? 'डोळे तपासायचेत' असं सांगून मी त्यांना स्मरणशक्तीच्या दवाखान्यात नेलं.

तिथं त्यांनी घड्याळाचं चित्र काढलं, महिने उलटे म्हटले, पाचांपैकी चार शब्द आठवून दाखवले. मग त्यांचं गाडी चालवणं तपासायला तिथली नूपुर नावाची थेरपिस्ट गाडीत त्यांच्या शेजारी बसली, मी मागे. लकडगंजात मामाजींनी आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला आणि गाडी अलगद कडेला घेतली.

"इथं काहून थांबले काका?" नूपुरनं विचारलं.

"स्टॉप होता ना इथं!" मग स्वतःच हसले. "दिमाग घरी अन् पाय अजून ड्युटीवर."

नूपुरही हसली. ही जुनी सवय आहे, म्हणाली, काळजी वेगळीच आहे. उजवीकडे वळताना समोरून आलेली मोपेड त्यांना उशिरा दिसली होती. निकाल असा लागला: दिवसाच चालवायची, ओळखीच्या रस्त्यावर, शेजारी कुणीतरी हवं, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी.

मामाजी खूश. घरी आल्यावर मात्र त्यांनी मला गाठलं.

"मेघा, डोळ्याचं खोटं काहून सांगितलं वं? मी का लहान पोट्टा आहो? जमून नाही राहिलं तं तूच सांग मले. दुसऱ्याच्या तोंडून नको."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कबूल केलं.

तेव्हापासून रविवारी मी शेजारी बसते. कन्हानला पोचलो की ते विचारतात, "आज कशी चालवली?" मी "मस्त" म्हणते, आणि चालवलेली खरंच मस्त असते. गेल्या रविवारी मात्र कन्हान नदीच्या पुलाअलीकडच्या वळणावर एक सायकलवाला त्यांना दिसलाच नाही. मी ओरडले, तेव्हा करकचून ब्रेक लागला. कुणाला खरचटलंही नाही.

पोचल्यावर मामाजींनी काही विचारलं नाही. गाडी बंद करून माझ्याकडे वळले. मला रडू येत होतं, तरी म्हटलं, "मामाजी, आता नाही जमत."

त्यांनी किल्ली काढून माझ्या हातात दिली. "ठेव तुझ्यापाशीच. खरं बोलली, बरं केलं."

परतताना गाडी मी चालवली. मामाजी शेजारी बसून कन्हानपासून नंदनवनपर्यंत माझ्या चुका काढत होते, आणि बऱ्याचशा खऱ्या होत्या.